जुनी गाडी आपोआप वेग घ्यायला लागली तेव्हा

सेकंडहँड गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत हा प्रकार सुरू झाला. पाय ॲक्सिलरेटरवर हलकाच, पण आरपीएम एकदम चढायचे. सोबत चेक इंजिन आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) दिवे.

अशा वेळी आधी जीव सांभाळा. ब्रेक एका दमात घट्ट दाबून धरा, पंप करू नका. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडा असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम कमी पडतो आणि पुन्हापुन्हा दाबलं की ब्रेक जड होतो. गिअर न्यूट्रलला टाका, इंजिन कितीही ओरडू दे. चावी गाडी थांबल्यावरच बंद करा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

मॅट पेडलखाली अडकलेलं नव्हतं. स्कॅनरवर कोड आला पी२१३८. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि त्यांचे आकडे आपसात जुळावे लागतात; ते जुळत नाहीत, असं हा कोड सांगतो. मेकॅनिक थ्रॉटल बॉडी बदलायला निघाला होता, त्याला थांबवून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) पाहिला. पेडल सावकाश दाबताना एका सेन्सरचा आकडा सरळ चढत होता, दुसऱ्याचा मध्येच उडी घ्यायचा. कनेक्टर काढला तर एका पिनवर हिरवट गंज! क्लीनरने साफ केलं, पण काही काळच टिकलं. शेवटी पेडल असेंब्लीच बदलली. ट्रॅक्शनचा दिवाही त्यासोबत गेला, कारण ती यंत्रणा इंजिनाच्या नियंत्रणावरच अवलंबून असते.

गंज आला कुठून, हेही शोधायलाच हवं. पायाखालचं कार्पेट ओलं लागत होतं. पुढच्या काचेखालची पाणी वाहून जाणारी नळी पाल्याने तुंबली होती. ती मोकळी केली, कार्पेट उचलून वाळवलं.