पाहुण्यांचं छोटं बाथरूम ठसठशीत सजवताय? या चुका टाळा

चार बाय सहाच्या बाथरूमला गडद रंग दिला की ते आणखी लहान दिसतं, असं मिस्त्रीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. मला ते पटत नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये कुणी तासभर बसत नाही, त्यामुळे घरात धीट रंग वापरून बघायला याहून चांगली जागा नाही. काम बिघडतं ते रंग भलत्या जागी गेल्यामुळे. जिथे पाणी पडतं तिथे साधं ठेवा आणि जिथे कोरडं राहतं तिथे हौस करा.

डार्क-हायलाइटर-लाइटचा संच

टाइल्सच्या दुकानात हा संच हमखास पुढे येतो: खाली गडद, मधे फुलांची हायलाइटर, वर फिकी. चार फुटी भिंतीवर त्याचे तीन आडवे पट्टे पडतात. सात फुटांवर टाइल संपली की वरची पांढरी भिंत म्हणजे चौथा पट्टा. नजर प्रत्येक पट्ट्यावर अडखळते आणि भिंत ठेंगणी वाटते. नवीन काम असेल तर तिन्ही भिंतींना एकच शांत टाइल घ्या आणि बेसिनमागची भिंत रंगाला सोडा.

संच आधीच बसला असेल तर फोडाफोडी नको. टाइलमधला सगळ्यात गडद रंग उचला आणि वरची भिंत व छत दोन्ही त्याच रंगात रंगवा. भिंत कुठे संपली ते कळेनासं झालं की खोली उंच वाटते. आपल्या नागपूरचा संत्रा रंग हवा असेल तर तो आरशाच्या अगदी समोरच्या भिंतीला देऊ नका. त्याची झाक चेहऱ्यावर पडते आणि पाहुणा आरशात पिवळाफटक दिसतो.

उन्हाळ्यात झाकलेली ओल

नागपुरात हीच चूक सगळ्यात महागात पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे असताना भिंत खडखडीत कोरडी दिसते, म्हणून घाईने वॉलपेपर किंवा गडद ऑइलपेंट लावला जातो. जुलैत फुगे येतात, पोपडे निघतात, पांढरा लोणा (ओलीतून वर येणारे क्षार) फुटतो. गडद रंगावर तो लांबूनही दिसतो. रंगाआधी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंतीत ओल आहे.

ओल कुठून येते तेही ओळखा. फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत तपासा. ऐन मे महिन्यातही येत असेल तर बहुधा पाइप नाहीतर वरच्या मजल्याचं बाथरूम गळतंय. ते दुरुस्त होऊन भिंत सुकेपर्यंत रंगाचा डबा उघडूच नका.

काळे नळ आणि बोअरचं पाणी

मॅट काळे नळ सुंदर दिसतात, वाद नाही. पण बोअरवर चालणाऱ्या लेआउटमध्ये (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत) जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग त्यांच्यावर लगेच चढतात. मग कुणीतरी ॲसिड ओततं, आणि नळाचा थरही जातो, टाइलच्या फटीतलं सिमेंटही झिजतं. पाहुणे गेले की नळ कोरड्या फडक्याने पुसा. डाग पडलेच तर पातळ व्हिनेगरचा कपडा दोन-तीन मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. मात्र ते व्हिनेगर कडप्पा, कोटा किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका, दगडाची चकाकी उडते. एवढं जपणं जमणार नसेल तर ब्रश फिनिशचं स्टील घ्या, त्यावर डाग कमी दिसतात.

फरशीवरही चकचकीत काळी टाइल नको. साबणाचा थर उठून दिसतो आणि वयस्क पाहुणा घसरतो. एक बाय एक फुटाची खरखरीत टाइल घ्या, म्हणजे नहाणी ट्रॅपकडे (फरशीवरचं पाणी जिथून गटारात जातं त्या जाळीकडे; तिच्याखाली वास अडवायला पाणी साठलेलं असतं) चार फुटांत अर्धा-पाऊण इंच उतार देणंही सोपं जातं.

दिव्याचं थोडक्यात: 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या उजेडात गडद हिरवा आणि मरून दोन्ही मळकट दिसतात. 3000 ते 4000 केल्विनचा दिवा घ्या आणि तो आरशाच्या बाजूला, चेहऱ्याच्या उंचीवर लावा. रंगाचा नमुनाही घरच्या त्याच दिव्याखाली बघून मग पक्का करा.

सगळं झालं, तरी वास येतो

हे बाथरूम महिना-महिना बंद असतं. उन्हाळ्यात नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराची हवा थेट वर येते. सुगंधी वड्या टांगून ती थांबत नाही. आठवड्यातून एकदा ट्रॅपमध्ये आणि बेसिनमध्ये मगभर पाणी ओता, फ्लशही एकदा चालवा. सुट्टीत गावाला जाणार असाल तर ट्रॅपमध्ये पाण्यावर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर वर राहतो आणि खालचं पाणी लवकर आटत नाही.