क्वेवरीत वाइन करताय? या चुका टाळा

रत्वेलीच्या, म्हणजे द्राक्षतोडणीच्या दिवसांत मी जॉर्जियातल्या कखेतीत असतो. क्वेवरीत, म्हणजे मातीच्या रांजणात, वाइन करण्याची पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. ती शिकायला येणाऱ्यांच्या हातून त्याच त्या चुका होताना बघून जीव कळवळतो.

सगळ्यात मोठी चूक धुण्यातली. क्वेवरी म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिलेला मातीचा रांजण. तो उचलून उन्हात टाकता येत नाही. मातीच्या छिद्रांत जुनी वाइन मुरते आणि तिथेच आंबते. कखेतीतल्याच तेलावी गावाजवळच्या एका घरी नातवाने शहरातून प्रेशर वॉशर आणला. वाफाळत्या पाण्याचा फवारा मारला, अर्ध्या तासात काम उरकलं. मेण ६०-६५ अंशांना वितळतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाबुआ, म्हणजे आजोबा, सार्त्सखी, म्हणजे चेरीच्या सालीचा लांब दांड्याचा घासणा, धरून बाजूला उभे होते. वसंतात झाकण काढलं आणि वाकायच्या आतच व्हिनेगरचा वास नाकात शिरला. र्कात्सितेली या पांढऱ्या द्राक्षाची हजारभर लिटर वाइन गेली. बाबुआ त्या दिवशी जेवले नाहीत.

माझी सवय सांगतो. घासायचं, पाणी उपसायचं, पुन्हा घासायचं. शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचं. ते तोंडात घ्यावंसं वाटत नसेल तर क्वेवरी धुतलेली नाही. दोन दिवस लागले तर लागू द्या.

दुसरी चूक चाचाची. साली, बिया, देठ यांचा हा चोथा रस फसफसू लागला की वर येतो. दिवसातून तीन-चार वेळा तो दाबून खाली बुडवावाच लागतो, रात्रीसुद्धा. वर कोरडा राहिला की बिघडतो. झोप प्यारी असलेल्यांनी हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हिरवे देठ टाकू नका, वाइन कडवट होते. कखेतीत पिकून तपकिरी झालेलेच देठ घेतात. पश्चिम जॉर्जियातल्या इमेरेतीत तर चोथाही थोडाच घालतात, तेव्हा एकीकडचं ऐकून दुसरीकडे करू नका.

पाकिटातलं यीस्ट नको. द्राक्षाच्या सालीवरचं पुरतं.

फसफसणं थांबायच्या आत तोंड बंद करू नका. थांबल्यावर मात्र काठोकाठ भरा, दगडी झाकण ठेवा, कडा ओल्या मातीने लिंपा. रिकामी जागा राहिली की हवा वाइन खाते. मग पाच-सहा महिने हात लावायचा नाही. नोव्हेंबरात ‘जरा चव बघू’ म्हणणाऱ्याला मी मारानीत, म्हणजे वाइनच्या खोलीत, येऊच देत नाही.

शेवटची चूक जिवावरची. फसफसताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. सांगली-हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे जमिनीतले खोल खड्डे, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कळेल: उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नसे. क्वेवरी रिकामी झाल्यावर तिच्यात भरपूर हवा खेळू द्या. धुवायला कुणी उतरणार असेल तर त्याच्या कमरेला दोर बांधा आणि तो धरून वर दुसरा माणूस उभा करा.