कॅमेरा धड, वायर धड, मग घोळ कुठे?

सावद्याला माझं केबल-इंटरनेटचं काम आहे. उन्हाळ्यात निंभोऱ्याच्या एका आबांचा फोन आला, "काय भो, केळीच्या शेतावरचा कॅमेरा घरून दिसतच नाही!" घोळ आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेटवर आपलं घर ज्या आकड्याने ओळखलं जातं त्याचा होता. तुमच्याकडेही असं झालं तर आधी हे बघा.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन'समोरचा (म्हणजे बाहेरच्या जोडणीचा) आकडा लिहून घ्या. मग मोबाइलचा डेटा बंद करून, त्याच वायफायवर 'माझा आयपी काय' असं शोधा. दोन्ही आकडे सारखे, तर पत्ता तुमचा. आबांकडे राउटरवर १००.७२ ने सुरू होणारा आकडा निघाला. १००.६४ ते १००.१२७ मधलं काहीही दिसलं की समजा, वाडा मोठा आणि दरवाजा एकच, म्हणजे पुष्कळ गिऱ्हाइकांत बाहेरचा पत्ता एकच. पत्र वाड्यापर्यंत येतं, खोली सापडत नाही. आबांना तसं बसवणारा मीच, लपवत नाही.

आता वायफायवर शोधून मिळालेला बाहेरचा आकडा एपनिक या पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या 'हूइज'मध्ये, म्हणजे ऑनलाइन नोंदवहीत, टाका. पत्ता कुणाच्या नावावर आहे ते कळतं. त्यात गाव दिसलं तर ते कंपनीच्या ऑफिसचं, तुमच्या घराचं नाही. म्हणूनच सावद्यातल्या माणसाला जाहिराती मुंबईच्या येतात.

आयपीव्ही४ चे, म्हणजे या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाचे पाच भाग, प्रत्येकाची एक नोंदणी संस्था. आपली एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात तिच्याखाली निक्सी या इंटरनेट संस्थेची 'आयआरआयएनएन' ही नोंदणी शाखा. जगाचा मुख्य साठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला. एप्रिलपासून एपनिकही शेवटच्या साठ्यावर आली आणि एका सभासदाला फार तर १,०२४ पत्ते असा नियम लागू झाला. २०१९ मध्ये त्याचे ५१२ झाले. माझ्याकडे तेवढेच आहेत आणि गिऱ्हाइकं तीन हजार.

छोट्या ऑपरेटरांनी अर्ज आयआरआयएनएनकडे करावा. लायसन्स, कंपनीचे कागद आणि नेटवर्कचा आराखडा आधीच जुळवून ठेवा. आराखडा मोघम असला की अर्ज प्रश्न लावून परत येतो. माझा दोनदा आला. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे मोप पत्ते, त्याच वेळी मागा. त्याचा /३२ चा तुकडा (रेघेपुढचा आकडा लहान तेवढा तुकडा मोठा) मिळाला तर ६५,५३६ गिऱ्हाइकांना प्रत्येकी अख्खा /४८ देता येतो.

आणि नियम जाचत असेल तर नुसतं कुरकुरू नका. एपनिकच्या धोरणसभा वर्षातून दोनदा भरतात, ऑनलाइनही बसता येतं, सभासद असण्याची अट नाही. बदल कुणीही सुचवू शकतो. तिथे मतमोजणी नसते, एकमत लागतं. ते झालं की किमान चार आठवडे हरकतींसाठी, मग कार्यकारी मंडळाची मंजुरी. फक्त "आम्हाला पुरत नाहीत" म्हणून भागत नाही, किती गिऱ्हाइकं, किती पत्ते, अडतं कुठे, ते मांडा.

आबांचा कॅमेरा जुना, आयपीव्ही६ त्याला कळत नाही. ५१२ मधला एक काढून दिला. "पाटाच्या पाण्यासारखी पत्त्यालाबी पाळी लागते का रे?" म्हणाले.