प्रौढांना शाळेतले किती आठवते: तपासणी कशी करावी

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कोकणातल्या हायस्कुलांमधून माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, आणि "आज दहावीचा पेपर हातात दिला तर आपल्यापैकी पास किती होतील" हा विषय तिथे हमखास निघतो. या प्रश्नाचे उत्तर खरोखरच काढायचे असेल, तर एखादी जुनी प्रश्नपत्रिका वाटून ३५ गुणांना उत्तीर्ण ठरवणे पुरेसे नाही. तसे केल्यास विसरलेले, मुळातच न शिकलेले आणि शाळा सुटल्यावर जगण्यातून कळलेले अशा तीन निराळ्या गोष्टी एकाच गुणात मिसळतात. त्या वेगळ्या ठेवता आल्या तरच तपासणीला अर्थ आहे. किनारपट्टीवर तिसरी गोष्ट विशेष सांभाळावी लागते.

प्रश्न निवडताना इयत्ता आठवी ते दहावीचे गणित, विज्ञान, भूगोल आणि इतिहास-नागरिकशास्त्र असे चार विषय घ्यावेत व प्रत्येकी दहा प्रश्न ठेवावेत. सध्याची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जुनी पुस्तके मात्र गावच्या वाचनालयात किंवा कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत शोधावी लागतील. एखादा धडा सर्व वयोगटांना खरोखर शिकवला गेला होता का, हे निवृत्त शिक्षकांकडून तपासून घ्यावे. महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली आणि त्याआधीची मंडळी अकरावी मॅट्रिकची आहेत, त्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम वेगळा होता, हे विसरू नये. बीजगणितात जुन्या मंडळींना "क्ष" ओळखीचा असतो, नव्यांना x. चिन्ह अनोळखी निघाले म्हणून गणित चुकले, असे होता कामा नये.

उत्तरसूची करतानाही वर्षे पाहावी लागतात. ग्रह नऊ आहेत असे लिहिणारा विसरलेला नसतो. प्लूटोला बटुग्रह ठरवण्याचा निर्णय २००६ चा आहे, त्यामुळे त्यापूर्वी शिकलेल्याने दिलेले ते उत्तर स्मरण म्हणून बरोबरच धरावे. मूलभूत हक्क सात होते; मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्यांतून गेला आणि सहा उरले. मालवणात १९७९ साली शिकणाऱ्याचा जिल्हा रत्नागिरीच होता, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. अशा प्रश्नांना "तेव्हाचे बरोबर" आणि "आजचे बरोबर" असे दोन रकाने ठेवावेत. ज्याने तेव्हाचे उत्तर विसरून आजचे दिले, त्याची माहिती ताजी आहे. मात्र त्याला शाळेतले किती आठवते याविषयी त्यातून काहीच कळत नाही.

आता किनाऱ्याचा मुद्दा. उधाण अमावास्येला व पौर्णिमेला येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती) असते, हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, कुठल्याही पुस्तकाविना ठाऊक असते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हेही त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याने हे बरोबर सांगितले म्हणून भूगोलाचा धडा त्याच्या लक्षात राहिला असे म्हणता येत नाही. म्हणून "केव्हा" न विचारता "का" विचारावे: सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आल्यावर भरती मोठी का होते, आणि सूर्य व चंद्र काटकोनात असताना ती लहान का होते? पावसाचेही तसेच आहे. सह्याद्रीच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे कमी, हे एसटीने घाट चढणारा प्रत्येकजण पाहतो. पण बाष्पाने भरलेले वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात ही साखळी, तसेच "प्रतिरोध पाऊस" व "पर्जन्यछाया" या संज्ञा वर्गातूनच आलेल्या असतात. विज्ञानात चुन्याचा प्रश्न घेण्याजोगा आहे. शिंपल्या भाजून चुना करतात हे वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असते. कॅल्शियम कार्बोनेट तापवल्यावर कळीच्या चुन्याबरोबर कोणता वायू बाहेर पडतो, हे मात्र ज्याने धडा वाचला तोच सांगू शकेल.

माझ्या मते या भागातला सर्वांत चांगला प्रश्न सावलीचा आहे. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तिथे मध्यान्हीचा सूर्य वर्षातून किती वेळा बरोबर डोक्यावर येतो? उत्तर "दोनदा" असे आहे. पहिली वेळ मे महिन्याच्या पूर्वार्धात येते आणि उन्हामुळे लक्षात राहते. दुसरी ऑगस्टच्या सुरुवातीला, ऐन पावसात येते, आणि आभाळ भरलेले असल्याने सहसा दिसत नाही. त्यामुळे केवळ अनुभवावर विसंबणारा "एकदा" लिहील आणि सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाचा धडा आठवणारा "दोनदा". अनुभव आणि शिक्षण यांना असे वेगळे करणारे चार-पाच प्रश्न मिळाले, तरी प्रश्नपत्रिकेचे काम झाले.

तपासणी तीन टप्प्यांत घ्यावी, आणि त्यांचा क्रम मोडू नये. पहिल्या टप्प्यात कोरा कागद द्यावा आणि "प्रकाशाच्या परावर्तनाविषयी जे आठवते ते लिहा" असे मोकळे सांगावे. तो कागद गोळा केल्यावरच दुसऱ्या टप्प्यात गाळलेल्या जागा द्याव्यात. तिथे आद्याक्षराचा आधार चालेल. बहुपर्यायी प्रश्न सर्वांत शेवटी यावेत. ते आधी आले तर पर्यायांतूनच उत्तरे कळतात आणि पुढचे दोन्ही टप्पे फुकट जातात.

प्रश्नांचा प्रकारही विषयागणिक बदलावा. इतिहासात सनावळीपेक्षा क्रम विचारावा: चिमाजीअप्पांचा वसईचा विजय, वसईचा तह आणि महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांचा क्रम लावा. १७३९, १८०२ आणि १९२७ ही साले न आठवणाराही तो बरोबर लावू शकतो. पहिल्या दोन्हींत वसई असल्याने घोटाळा करणारेही निघतात, आणि तो घोटाळा नोंदवण्यासारखा असतो. गणितात सूत्र विचारू नये, उदाहरण द्यावे: क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवा. २ आणि ३ ही उत्तरे अवयव पाडून आली की अंदाजाने, हे कच्च्या कामावरून कळते, म्हणून कच्चे काम पुसू देऊ नये. मराठीचा विषय जोडायचा असल्यास वृत्तांतल्या गणांचा (तीन-तीन अक्षरांच्या लघू-गुरू गटांचा) प्रश्न घ्यावा. "यमाताराजभानसलगं" पुष्कळांना घडाघडा म्हणता येते. पण त्यातून र गण काढा म्हटले की "राजभा", म्हणून गुरू-लघू-गुरू, इथपर्यंत फार थोडे पोहोचतात. पाठांतर टिकणे आणि त्याचा उपयोग टिकणे यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो.

प्रत्यक्ष घेताना अक्षर मोठे छापावे, मोबाईल बाहेर ठेवावेत आणि वेळेची घाई लावू नये. नावाऐवजी क्रमांक द्यावा. सोबत शाळा सोडल्याचे वर्ष, त्या विषयात तेव्हा मिळालेले गुण, पुढचे शिक्षण आणि व्यवसाय एवढेच लिहून घ्यावे. गुण चारचौघांत वाचून दाखवू नयेत, कारण वाडीत गोष्ट पसरायला संध्याकाळ लागत नाही आणि पुढच्या वेळी कुणी बाकावर बसणार नाही. गणपतीत ही तपासणी ठेवण्याचा मोह टाळावा. आरती-भजनातून दोन तास शांत बसणारे मिळत नाहीत.

बहुपर्यायी भागात चार पर्याय असतील, तर काहीही न येणारा माणूसही ४० पैकी सरासरी १० गुण मिळवतो. म्हणून बरोबर उत्तरांतून चुकीच्या उत्तरांचा एक-तृतीयांश वजा करावा: २२ बरोबर आणि १८ चूक असतील तर २२ − ६ = १६. "माहीत नाही" हा पाचवा पर्याय द्यावा आणि त्याला गुण कापू नयेत. हाच पेपर नुकत्याच दहावी झालेल्या दहा-बारा मुलांनाही द्यावा. त्यांना जो प्रश्न जमत नाही, तो प्रौढांच्या विसराळूपणाचा पुरावा म्हणून वापरू नये.

आठवत नाही म्हणजे पुसले गेले असे नव्हे, हे दाखवणारी कसोटी जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडली: विसरलेला मजकूर पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, ते मोजायचे. आपल्याला पहिल्या वेळची नोंद मिळणार नाही, म्हणून दोन सारख्या अवघड घटकांची तुलना करावी. एक घटक त्या व्यक्तीने शाळेत शिकलेला असावा आणि दुसरा तिला कधीच न शिकवलेला. दोन्हींचे एकेक पान वाचायला देऊन पाच उदाहरणे बरोबर येईपर्यंतचा वेळ घड्याळावर पाहावा. पहिला घटक लवकर जमला, तर जुने शिक्षण कुठेतरी शिल्लक आहे असे मानण्यास आधार मिळतो.

निष्कर्ष काढताना सर्व विषयांची सरासरी काढू नये आणि वयानुसार सरळ घसरण गृहीत धरू नये. मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत ७३३ जणांची शाळा-कॉलेजात शिकलेली स्पॅनिश तपासली. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा वर्षांतच उरकला होता. त्यानंतर जे उरले ते सुमारे तीस वर्षे जवळजवळ तसेच राहिले. गणिताविषयी त्यांनी १९९१ मध्ये लिंडा हॉल यांच्यासह केलेल्या अभ्यासात, ज्यांनी पुढे कलनशास्त्रापर्यंत (कॅल्क्युलस) किंवा त्याहून पुढचे गणित घेतले, त्यांचे शालेय बीजगणित पन्नास वर्षांनंतरही फारसे घटलेले नव्हते. म्हणून डिप्लोमा-इंजिनीअरिंगवाले आणि दहावीनंतर गणित सोडलेले यांचे गुण वेगळे मांडावेत. तीस-चाळीस जणांच्या मेळाव्यावरून कोकणाविषयी विधान करू नये; त्या बॅचविषयी करावे.

पेपर झाल्यावर त्याच दिवशी उत्तरे समजावून सांगावीत, नाहीतर चुकीचा पर्यायच डोक्यात बसतो. परीक्षा दिल्यानेही आठवण पक्की होते, म्हणून पुढच्या मे महिन्यात तपासणी पुन्हा घ्यायची असल्यास बहुतेक प्रश्न नवे असावेत; थोडे जुने प्रश्न मुद्दाम ठेवावेत आणि त्यांचे गुण वेगळ्या रकान्यात लिहावेत.