आई-बाबांच्या घरचे जाहिरातीचे फोन: सुटीत जाण्याआधीची तयारी

दुपारी जेवून जरा कलंडावं तर फोन वाजतोच, ही घरोघरच्या ज्येष्ठांची तक्रार. कधी पर्सनल लोन, कधी कर्जतजवळचा एनए प्लॉट, कधी जुन्या पॉलिसीवर अडकलेला बोनस. आपण सणासुदीला घरी जातो, त्यांच्या फोनमधले दहा-बारा नंबर ब्लॉक करून देतो आणि काम झालं म्हणून परततो. पुढच्या आठवड्यात नवे नंबर सुरू. ब्लॉक केल्याने एक नंबर एका फोनपुरता गप्प होतो. तक्रार झाली तर त्या नंबरची सेवाच बंद होऊ शकते. तेव्हा या खेपेला तक्रार करणं त्यांना स्वतःला जमेल, अशी सोय लावून या. एका दुपारचं काम आहे, फक्त तयारीने बसायला हवं.

आधी कागद घ्या आणि घरातले सगळे नंबर लिहून काढा. बाबांचा, आईचा, लँडलाइन असेल तर तो आणि कपाटातल्या जुन्या हँडसेटमधलं ते दुसरं सिमसुद्धा. बँकेत नेमका तोच नंबर दिलेला असतो. प्रत्येकापुढे कंपनी लिहा, रिचार्ज चालू आहे का बघा. हे आधी करायचं कारण असं, की जाहिराती बंद ठेवण्याची नोंदणी काय आणि तक्रार काय, दोन्ही नंबरनिहाय होतात आणि त्या-त्या नंबरवरूनच कराव्या लागतात. तुमच्या फोनवरून बाबांच्या नंबरची तक्रार जात नाही.

मग डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’: या नंबरवर जाहिराती नकोत, अशी नोंद. हा प्रकार २००७ पासून आहे. सध्याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१८ मध्ये केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात महत्त्वाचे बदल केले. मोबाइलवरून १९०९ या नंबरला इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य, एवढा मेसेज पाठवला की सगळ्या जाहिराती बंद ठेवण्याची नोंद होते. मेसेज नको असेल तर १९०९ ला फोन लावा किंवा ट्रायचं डीएनडी अ‍ॅप वापरा. बँकिंग-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, वाहनं-वस्तू, मनोरंजन, पर्यटन, खाद्यपदार्थ अशा आठ प्रकारांतून हवं ते चालू ठेवण्याचीही सोय आहे. पण आई-बाबांसाठी ही निवड करत बसण्यात अर्थ नाही. सरसकट बंद करा. लँडलाइनवरून मेसेज जात नाही, तिथे त्याच फोनवरून १९०९ फिरवायचा.

इथे हमखास एक शंका निघते. ‘सगळं बंद केलं तर ओटीपी येणार नाही, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येणार नाही.’ सोसायटीतल्या कोणीतरी हे छातीठोकपणे सांगितलेलं असतं. तसं होत नाही. व्यवहाराचे आणि सेवेचे मेसेज डीएनडीत अडत नाहीत. नोंदणी झाल्यावर ज्येष्ठांसमोरच एखादा ओटीपी मागवून दाखवा, म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावरून ते नोंदणी काढून टाकणार नाहीत.

आता फोनजवळ चिकटवायचा कागद तयार करा. अक्षर मोठं, काळ्या शाईत, फार मजकूर नको. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे नोंदणीकृत जाहिरातदार, उचलायची गरज नाही. १६०० ने सुरू होणारा म्हणजे बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खातं यांचा सेवेचा फोन. व्यापारी बँकांना या मालिकेवर येण्यासाठी ट्रायने १ जानेवारी २०२६ ही मुदत दिली. आणि साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून कोणी कर्ज किंवा कार्ड विकत असेल तर ते नियमातच बसत नाही, त्याची तक्रार करायची. मेसेजचंही असंच आहे: पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. कागदावर एवढं पुरे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र वहीला द्या. कॅलेंडरच्या खिळ्याला दोरीने अडकवलेली छोटी वही आणि तिलाच बांधलेलं पेन, कारण सुटं पेन जागेवर सापडत नाही. पानावर चार रकाने आखून द्या: तारीख, कुठल्या फोनवर आला, समोरचा नंबर, काय विकत होता. या रकान्यांमागे कारण आहे. तक्रार ग्राह्य धरायला तुमचा नंबर, समोरचा नंबर, तारीख आणि थोडक्यात वर्णन एवढंच लागतं. वहीतली ओळ म्हणजे जवळजवळ तयार तक्रारच. पहिल्या पानावर एक नमुना स्वतःच्या हाताने लिहून ठेवा: ‘पर्सनल लोनचा फोन’, स्वल्पविराम, समोरचा दहा आकडी नंबर, स्वल्पविराम, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, मध्ये तिरप्या रेघा. हा मेसेज १९०९ ला. वर्णन इंग्रजी अक्षरांत, मोडकंतोडकं असलं तरी चालेल, पण आकडा चुकता कामा नये. फोन ठेवल्यावर कॉलच्या यादीत जाऊन नंबर कसा पाहायचा, धरून ठेवून कॉपी कसा करायचा, हे दोनदा करून दाखवा, तिसऱ्यांदा त्यांना करू द्या. मध्ये हात घालू नका. टाइप करणं जमतच नसेल तर फोन कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तक्रारीची सोय असते. तो रस्ता दाखवा आणि अ‍ॅप पहिल्या स्क्रीनवर आणून ठेवा.

तक्रारीला पूर्वी तीन दिवसांची मुदत होती, आता सात दिवस आहेत. त्यामुळे ‘रविवारी दुपारी आठवड्याच्या तक्रारी’ असं ठरवता येतं, आणि बाबांसारख्या माणसांना वेळ ठरलेली असली की काम आवडतं. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याची तक्रार करायला आधी डीएनडीत असण्याचीही अट आता उरलेली नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की अशा नंबरावर कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. पहिल्या वेळी पंधरा दिवस बाहेर जाणारे कॉल बंद, पुन्हा सापडला तर सगळ्या कंपन्यांकडची त्याची जोडणी वर्षभरासाठी तोडून नाव काळ्या यादीत. वरच्या मजल्यावरच्या काकांनाही तोच प्लॉटवाला फोन करत असेल तर त्यांनाही वही करून द्या. पाचाचा आकडा एकाच बिल्डिंगमध्ये भरेल.

फोन आल्यावर बोलायचं काय, याचीही तयारी लागते. जुन्या पिढीला समोरच्याचं बोलणं तोडणं असभ्यपणाचं वाटतं. ‘अहो, पोरगी बिचारी नोकरी करते’ असं म्हणून बाबा दहा मिनिटं ऐकून घेतात, आणि हे गिऱ्हाईक ऐकून घेतं म्हणून नंबर पुढच्या यादीत जातो. त्यांना रागवू नका, एक वाक्य द्या. ‘हा नंबर डीएनडीत आहे, तुमच्या कंपनीचं नाव सांगा.’ बस. बहुतेक वेळा तिकडूनच फोन कटतो. नाव सांगितलंच तर वहीत. भांडायचं नाही, वय-गाव-बँक काही सांगायचं नाही, आणि ध्वनिमुद्रित आवाज ‘नऊ दाबा’ म्हणाला तरी काहीच दाबायचं नाही.

आता घरातून नंबर बाहेर जातो कुठून ते बघा. प्रदर्शनातल्या लकी ड्रॉचं कूपन, गृहप्रकल्पाच्या सँपल फ्लॅटची वही, ‘किती कर्ज मिळेल ते बघा’ छापाच्या वेबसाइट. फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत संमतीचा चौकोन असतो. तिथे खूण केली की डीएनडी असूनही ती कंपनी फोन करू शकते. दुकानात बिल करताना ‘मोबाइल नंबर?’ असं विचारलं की आई सवयीने सांगून टाकते. बिलासाठी नंबरची सक्ती करू नये, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं आहे. ‘नंबर नको, नुसतं बिल द्या’ एवढं म्हणायची सवय लावायची.

फोनमधल्या सेटिंगकडे शेवटी वळा, आणि तेही हात राखून. अनोळखी फोन आपोआप गप्प करणारी सोय तरुणांना झकास वाटते, पण आई-बाबांच्या घरी सिलेंडरवाला, रक्त तपासायला येणारा लॅबचा मुलगा, कुरियरवाला हे सगळे अनोळखीच असतात. ती लावायचीच असेल तर आधी डॉक्टर, लॅब, गॅस एजन्सी, वॉचमन, दूधवाला, शेजारी यांचे नंबर नावानिशी जतन करा. माझ्या मते नेहमीच्या कॉलसाठी ती नकोच. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अनोळखी कॉल गप्प करण्याचं सेटिंग बिनधास्त लावा. डीएनडीची सत्ता तिथे चालत नाही आणि परदेशी आकड्यांचे कॉल बहुतेक तिथूनच येतात.

फसवणुकीचे फोन वेगळे, त्यांच्यासाठी कागदाच्या मागच्या बाजूला वेगळ्या ओळी लिहा. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज मोबाइल नंबरवरून आला तर तो महावितरणचा नाही. विमा नियामक आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही. कुरियरवाला म्हणवणाऱ्याने *४०१* ने सुरू होणारा आकडा फिरवायला सांगितला तर फिरवायचा नाही, कारण त्याने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळतात. चुकून फिरवलाच तर ##००२# ने ते वळवणं रद्द होतं. असा संशयास्पद फोन ‘संचार साथी’ या सरकारी वेबसाइट-अ‍ॅपवरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत नोंदवायचा. पैसे गेलेच असतील तर ‘मुलगा रविवारी फोन करेल तेव्हा सांगू’ असं न करता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हा आकडा सगळ्यांत मोठा लिहा.

निघण्याआधी घरातल्या प्रत्येक नंबरवर डीएनडीची पोच आली आहे का बघा आणि तारीख वहीत टाका. फोन नोंदणीनंतर लगेच थांबत नाहीत, हेही सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ‘तुझं ते काही चाललं नाही’ ऐकावं लागेल. तक्रारीनंतर कंपनीकडून तक्रार क्रमांकाचा मेसेज येतो, तो पुसायचा नाही. वहीत पाचवा रकाना आखून तो क्रमांक त्याच ओळीत लिहायचा. उत्तर आलं नाही तर पुढच्या खेपेला त्याच क्रमांकावरून कंपनीच्या कस्टमर केअरला तुम्ही विचारा.