सिन्नरच्या पुढे: शिर्डी पदयात्रेचा शेवटचा टप्पा कसा चालावा

ठाणे परिसरातल्या वागळे इस्टेट, कोपरी, कळवा किंवा ऐरोलीहून निघालेल्या साईभक्तांच्या पालख्या नाशिक महामार्गाने पडघा, शहापूर मागे टाकून कसारा घाट चढतात आणि घोटीला महामार्ग सोडून सिन्नरकडे वळतात. घाट सरला की "आता काय, सपाटच आहे" असे जो तो म्हणू लागतो. परंतु सिन्नर ते शिर्डी हे सुमारे ६० किलोमीटरच सर्वाधिक जपून चालावे लागतात, कारण तोवर पाय थकलेले असतात, झोप अपुरी झालेली असते आणि मन मात्र केव्हाच समाधी मंदिरात पोहोचलेले असते. म्हणून ह्या टप्प्यासाठी पहिले पथ्य एकच: वेग वाढवू नये.

सिन्नरचा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेचा आहे. घाटात मिळाली ती सावली येथे मिळत नाही. दोन्ही बाजूंना कांद्याची उघडी शेते आणि समोर सरळ रस्ता असतो. रामनवमीची पालखी मार्च-एप्रिलच्या उन्हात चालते, त्यामुळे पहाटे लवकर निघून दहा-अकराच्या आत विसाव्याला पोहोचावे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा निघावे. अनवाणी चालणाऱ्यांनी तर दुपारच्या डांबरावर पाऊल ठेवूच नये. ज्येष्ठांना आणि पहिल्यांदा आलेल्यांना पालखीच्या लगेच मागे ठेवावे व बाकीच्यांनी त्यांच्या चालीने चालावे; तरुण मुले पुढे निघून गेली की मागचे दमछाक होईपर्यंत त्यांना गाठू पाहतात. सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर अतिशय देखणे आहे आणि ते प्रत्येकाने पाहावेच, पण त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

आता पायांविषयी. मुक्कामावर पोहोचताच बूट-मोजे काढून पाय साबणाने धुवावेत, बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या कराव्यात आणि मगच जेवायला बसावे. लहान, न दुखणारा फोड फोडू नये, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी. टाचेखालचा मोठा फोड पाऊल टेकूच देत नसेल, तर हात स्वच्छ धुऊन, फोडावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावून, मेडिकलमधून आणलेल्या सीलबंद सुईने त्याच्या कडेला एक-दोन छिद्रे पाडावीत, स्वच्छ गॉजने हलके दाबून पाणी काढावे आणि वरची कातडी तशीच राहू द्यावी. ती ओढून काढली, तर खालचे लाल मांस उघडे पडते आणि दुसऱ्या दिवशी पाऊल उचलवत नाही. फोडात सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवण्याची पद्धत अनेक पालख्यांत आहे. ती सोडून द्यावी, कारण त्याच दोऱ्याच्या वाटेने जंतू आत शिरतात. मधुमेह असलेल्यांनी फोडाला स्वतः हात न लावता डॉक्टरांनाच दाखवावे. फोडाभोवतीची लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला, तर चालणे थांबवून पालखीसोबतच्या टेम्पोत बसावे आणि दवाखाना गाठावा. टेम्पोत बसल्याने यात्रा मोडत नाही, हे पालखीतल्या ज्येष्ठांनी अशा भक्ताला स्वतःहून सांगितले पाहिजे, कारण बहुतेक जण केवळ संकोचापोटी दुखणे लपवतात.

नुसते पाणी पीत राहणेही पुरेसे नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे घेत राहावे, किंवा ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच विरघळवावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊन पाय रेटू नयेत. शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा झोक जाऊ लागला, तर त्याला तत्काळ सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सिन्नरजवळच्या मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीपासून अवजड ट्रक आणि शिर्डीकडे जाणाऱ्या खाजगी बसेस यांची वर्दळ असते. पालखीने रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेरूनच चालावे, अंधारात सर्वांनी चमकणारी जाकिटे घालावीत आणि मागचा टेम्पो दिवे लुकलुकत ठेवून चालवावा. एकट्याने मागे राहू नये, आणि भजनाच्या नादात रस्त्यावर फेर तर कधीच धरू नये.

शिर्डीत पोहोचल्यावर दर्शनाच्या रांगेत लगेच उभे राहू नये. चालून आलेल्या पोटऱ्यांना चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे अधिक जड जाते. आंघोळ करून, संस्थानच्या प्रसादालयात जेवून, तासभर पाय उंचावर ठेवून पडावे आणि मग जावे. रामनवमीच्या मुख्य दिवशी मंदिर रात्रभर खुले असते, त्यामुळे शेजारती चुकेल म्हणून शेवटचे अंतर पळत गाठण्याचे कारण नाही. समाधी मंदिरात मोबाईल नेता येत नाही, म्हणून चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते रांगेत शिरण्याआधीच ठरवावे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या खिशात निवासाचा पत्ता व घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

परतीची बस त्याच रात्री धरण्यापेक्षा एक रात्र शिर्डीत झोपून निघावे. ठाण्यापर्यंतच्या प्रवासात पाय सतत लोंबते राहतात व सुजतात. अधूनमधून घोटे फिरवावेत, थांब्यावर उतरून चार पावले चालावे. घरी आल्यावर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ते चालण्याचे दुखणे समजून तेल चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.