एकाच उबवणी मशीनमध्ये दर आठवड्याला कोंबडीची पिल्लं कशी काढायची

"रोजची चार-पाच अंडी रोज मशीनमध्ये टाकत जा" असा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी उबवणी केलेली नसते. तसं केलं की तीन आठवड्यांनी रोज एखादं अंडं पिल्लाने आतून टोचलेलं, रोज एखादं ओलं पिल्लू आणि दिवसातून दहा वेळा उघडलेलं झाकण, असा कारभार होतो. अंडी साठवायची आणि आठवड्यातून एकदाच भरायची. वार ठरवून घ्या.

माझा वार रविवार. रविवारी संध्याकाळी अंडी ठेवली, तो दिवस शून्य धरायचा. अठरावा दिवस गुरुवारी येतो, एकविसावा पुन्हा रविवारी. म्हणजे एका वेळी मशीनमध्ये फार तर तीन बॅचेस असतात आणि फुटण्याच्या बेतात असलेली एकच. दर रविवारी नवीन अंडी भरताना सात दिवसांची बॅच अंधारात टॉर्चवर धरून बघायची आणि ज्यात शिरांचं जाळं दिसत नाही ती काढून टाकायची.

साठवण: निमुळतं टोक खाली, थंड जागा, सात दिवसांच्या वर नाही. एप्रिल-मेमध्ये हा हिशेब चालत नाही. खोलीतच पस्तीस अंश असताना बीज अर्धवट वाढायला लागतं आणि मशीनमध्ये जायच्या आधीच मरतं. तेव्हा शेवटच्या तीन-चार दिवसांचीच अंडी भरा, आधीची घरात खा. अंडी धुवायची नाहीत.

अंडं फिरवलं की नाही ते कळायला खुणा शिसपेन्सिलीने: एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, रुंद टोकावर तारीख.

पंख्याच्या मशीनला तापमान ३७.५ अंश, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. स्वस्त आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा आणि मापकासोबत बंद डब्यात सात-आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ६८ आला तर तुमचा मापक सात कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवायचं. पावसाळ्यात कोकणात पाण्याचा ट्रे कोरडाच ठेवावा लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तोच दिवसातून दोनदा भरावा लागतो.

नवीन अंडी भरल्यावर तापमान घसरतं. थर्मोस्टॅटला हात लावू नका, ते आपोआप वर येतं. दोन आठवड्यांची अंडी स्वतः उष्णता सोडतात, कालची अंडी उष्णता पितात. म्हणून जुनी सगळी एका कोपऱ्यात आणि नवी दुसऱ्या कोपऱ्यात, अशी मांडणी करू नका. सरमिसळ करून ठेवा.

आता शेवटचे तीन दिवस. मला सगळ्यात जास्त छळलंय ते यांनीच, आणि बहुतेकांची पिल्लं मरतातही इथेच.

अडचण साधी आहे. अठरा दिवसांनंतर अंडं फिरवायचं नसतं, आर्द्रता ६५ ते ७० टक्के लागते आणि झाकण बंद राहायला हवं. शेजारच्या चार दिवसांच्या अंड्याला याच्या बरोबर उलट हवं असतं. ते फिरवलं नाही तर गर्भ टरफलाला चिकटतो, आणि पहिल्या आठवड्यात हे फिरवणं सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवं. सतत दमट हवेत ते घटत नाही, हवेचा कप्पा लहान राहतो आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं. दोघांनाही चालेल असा मधला आकडा नसतो. ६० टक्क्यांवर तडजोड करणारे दोन्हीकडून मार खातात.

उपाय एकच: फुटणाऱ्या अंड्यांना वेगळा डबा. दुसरं मशीन विकत घ्यायची गरज नाही. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा डबा स्वच्छ धुऊन वाळवा. त्याला थर्मोस्टॅट आणि तारेचे दोन पिवळे बल्ब जोडा. दोन यासाठी, की एक रात्री उडाला तर दुसरा असतो. एलईडी चालत नाही, त्याची उष्णता पुरत नाही. बल्बभोवती जाळी, खाली-वर हवेला भोकं, तळाला धुतलेलं गोणपाट. वर्तमानपत्र अंथरलंत तर पिल्लांचे पाय घसरून फाकतात. पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवा, नाहीतर पिल्लू बुडतं. डब्यात पंखा नसेल तर थर्मामीटर अंड्याच्या वरच्या पातळीला टेकवून ३८.३ अंश ठेवा. डबा आदल्या दिवशीच चालू करून आकडा स्थिर झालेला बघा, मग गुरुवारी अंडी हलवा.

एकदा टोचायला लागली की झाकणाला हात लावायचा नाही. उघडलं की दमट हवा बाहेर जाते, आतला पापुद्रा सुकून चामड्यासारखा होतो आणि पिल्लू जागेवर अडकतं. पहिलं भोक पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागणं नेहमीचं आहे. "बिचारं अडकलंय" म्हणून टरफल सोलणाऱ्यांवर माझा राग आहे. त्या वेळी पापुद्र्यातल्या शिरांत रक्त चालू असतं आणि बलक पोटात पूर्ण ओढलेला नसतो. निघालेल्या पिल्लांचीही घाई नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस आरामात काढतात. वाळली, पिसं फुलली की सोमवारी सकाळी सगळी एकदम काढा.

वेगळा डबा जमतच नसेल तर अठरा दिवसांची अंडी मशीनच्या तळाला जाळीच्या टोपलीत ठेवा, म्हणजे पिल्लं बाकीच्या अंड्यांवरून लोळणार नाहीत. ते तीन दिवस आर्द्रता वाढवा आणि पुढचे चार दिवस ट्रे कोरडा ठेवून कमी दिवसांच्या अंड्यांचा हिशेब भरून काढा. वरचा ट्रे बाहेरच्या दांड्याने फिरत नसेल तर हा मार्ग धरूच नका. आणि मशीनमध्ये उडालेली लव, टरफलं, घाण लगेच पुसा. त्याच घाणीवर जंतू वाढतात, आणि उबेत सडलेलं एक अंडं फुटलं की बाकीच्यांवर पाणी सोडायचं.

वेगळ्या डब्याचा हाही फायदा: सोमवार ते बुधवार तो रिकामा असतो. धुवा, निर्जंतुक करा, उन्हात वाळवा.

वीज गेली तर तासा-दीड तासाने काही बिघडत नाही. झाकण बंद, वर घोंगडी, हवेची भोकं मात्र मोकळी. गर्भ थोडी थंडी सोसतो, ४० अंश सोसत नाही.

बॅचेस बाहेर आल्यावरही वेगळ्याच ठेवा. आठवड्याने मोठी पिल्लं लहानांना टोचून रक्तबंबाळ करतात, आणि पाचव्या ते सातव्या दिवसाची लासोटा (राणीखेत रोगावरची) लस नेमकी कोणाला दिली आणि कोणाला राहिली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.